समानार्थी शब्दपत्ते: चार पत्त्यांचा संच आणि चार वेगळी माणसे

गेल्या जूनमध्ये शाळेची पुस्तके घेण्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेले होते, तेव्हा एका दुकानात समानार्थी शब्दपत्त्यांची पेटी दिसली आणि फार विचार न करता मी ती विकत घेतली. झाकणावर ‘माणसांचे प्रकार’ असे ठळक अक्षरांत छापले होते. कंजूष, आळशी, शहाणा, भित्रा, पाहुणा, मित्र, शेतकरी, प्रवासी अशा माणसांसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांचे समानार्थी शब्द मुलांना खेळता खेळता यावेत, हा तिचा उद्देश. किंमत 350 रुपये. आता चार महिने दर शनिवारी ती वापरात आहे, त्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे.

माझ्याकडे मराठी शिकायला येणारी सहाही मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत सहावी-सातवीत शिकतात. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून अशी मुले घेऊन येणारे पालक वाढले आहेत. या मुलांच्या घरी मराठीच बोलली जाते, पण एखाद्या माणसाविषयी काही सांगायचे असले की चांगला, वाईट, हुशार आणि वेडा एवढ्या चार शब्दांवर त्यांची सगळी भिस्त असते. परीक्षेत समानार्थी शब्दांचा प्रश्न हमखास येतो, तो पाठांतराने सुटतो आणि परीक्षा सरली की पाठ केलेला शब्दही विरून जातो. म्हणून पाठांतराशिवाय शब्द शिकवणारे काही मिळते का, याच्या शोधात मी होतेच.

पेटीत एकंदर 104 पत्ते आहेत. त्यांपैकी 96 पत्त्यांवर शब्द छापलेले असून त्यांचे 24 संच होतात, म्हणजे प्रत्येक संचात चार शब्द. उरलेले 8 पत्ते कोरे असून त्यांच्यावर आपले शब्द लिहावेत, अशी सूचना आहे. कागद जाड आणि गुळगुळीत आहे, कडा अजून उलगडलेल्या नाहीत, अक्षर मोठे आणि सुबक आहे. शुद्धलेखनाच्या चुका मला शोधूनही दोनच सापडल्या, आणि मुलांसाठीच्या साहित्यात हे आजकाल कौतुकाने सांगावे असेच आहे. पेटीचे खोके मात्र कच्चे आहे. दुसऱ्याच महिन्यात त्याचे कोपरे फाटले आणि आता पत्ते डब्यात ठेवावे लागतात.

खेळाचे नियम मराठी घरांत सुट्टीत खेळल्या जाणाऱ्या ‘नॉट ॲट होम’सारखे आहेत. आपल्या हातात ‘कृपण’ असेल, तर समोरच्याकडे त्याच संचातला दुसरा शब्द नाव घेऊन मागायचा. असला तर तो द्यावा लागतो, नसला तर मागण्याची पाळी पुढच्याकडे जाते. चारही पत्ते जमले की संच खाली ठेवायचा. या एका नियमात पेटीचे सगळे यश सामावलेले आहे, कारण मागण्यासाठी शब्द आठवावा लागतो आणि तो तोंडाने स्पष्ट उच्चारावा लागतो. पहिल्या तीन शनिवारांतच मुलांना ‘पांथस्थ’, ‘सवंगडी’, ‘अभ्यागत’ हे शब्द तोंडपाठ झाले, आणि वहीतून हेच शब्द शिकवायला मला पूर्वी महिना लागला असता. शब्द लक्षात राहणे एवढीच अपेक्षा असेल, तर ही पेटी तिला पुरेपूर उतरते. माझी अपेक्षा त्याहून थोडी अधिक होती आणि तिथे ती कमी पडली.

कमी पडते म्हणजे काय, ते मला एका निबंधामुळे नीट समजले. सहावीतल्या एका मुलाने आपल्या आजोबांवर निबंध लिहिला होता. आजोबा खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतात, जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून नवी वही करतात, त्यांनी अशाच शिस्तीने पैसा राखून दोन मुलींना शिकवले, असे सगळे मनापासून लिहून त्याने शेवटी लिहिले होते, ‘माझे आजोबा फार कृपण आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.’ आजोबांनी तो निबंध वाचला होता. मुलाची चूक काहीच नव्हती. पेटीतल्या एका संचात कंजूष, कृपण, चिक्कू आणि काटकसरी हे चार पत्ते एकत्र आहेत, आणि चारही सारखेच असे त्याला खेळाने शिकवले होते.

या चार शब्दांत काटकसरी हा मुळात गुण सांगणारा शब्द आहे. असलेला पैसा जपून, योग्य जागी खर्च करणारा तो काटकसरी. गरज असतानाही ज्याचा हात खिशाकडे जात नाही तो कंजूष. चिक्कू हा मुलांच्या आणि मित्रांच्या तोंडचा हलका शब्द आहे, तो चेष्टेत चालतो आणि निबंधात चालत नाही. कृपण हा संस्कृतातून आलेला, ग्रंथात शोभणारा शब्द असून त्यात कंजूषपणाबरोबर दीनपणाचीही छटा आहे. याच संचात घेता आले असते असे अस्सल मराठी शब्द पेटीने घेतलेच नाहीत, याची मला फार चुटपुट लागली. चिंगूस आहे, कद्रू आहे, आणि कवडीचुंबक तर एका शब्दात उभे केलेले चित्र आहे: कवडी हे सर्वांत हलके चलन होते त्या काळातला, एका कवडीलाही लोहचुंबकासारखा चिकटून राहणारा माणूस. ‘चिकट’ या शब्दाची गंमत तर मुलांना सांगण्यासारखीच आहे. चिकट माणूस आपल्याला नको असतो, पण चिकाटीचा माणूस हवा असतो. चिकटून राहणे दोघांतही आहे, एक पैशाला चिकटतो आणि दुसरा कामाला.

समानार्थी शब्द एकत्र बांधून पाठ करण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे आणि अमरकोश या जुन्या संस्कृत कोशाचे पाठांतर पिढ्यान्‌पिढ्या झालेले आहे. त्याच्या तिसऱ्या कांडात कंजूष माणसासाठी कदर्य, कृपण, क्षुद्र, किंपचान आणि मितंपच असे पाच शब्द ओळीने येतात. मितंपच म्हणजे मोजकेच शिजवणारा. आलेल्या माणसाला पानावर बसवावे लागू नये म्हणून मोजून भात टाकणारे घर या एका शब्दात दिसते. मुलांना मी हा शब्द सांगितला तेव्हा त्यांनी तो लगेच उचलला, कारण त्यात माणूस काहीतरी करताना दिसतो. समानार्थी शब्द शिकवण्याची खरी वाट इथून जाते, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक शब्दाने माणसाकडे वेगळ्या जागेवरून पाहिलेले असते. ती जागा दाखवली की शब्द आपोआप राहतो.

आळशी माणसाच्या संचात पेटीने ही संधी जवळजवळ साधली आहे. आळशी, ऐदी, कामचुकार आणि अंगचोर असे चार शब्द तिथे आहेत आणि निवड उत्तम आहे. फक्त त्यांच्यातला फरक कुठेही सांगितलेला नाही, तो आम्ही वर्गात बोलून काढला. आळशी हा सर्वसाधारण शब्द. कामचुकार माणूस आळशी असेलच असे नाही. तो काम चुकवण्यासाठी काम करण्यापेक्षा जास्त धावपळ करतो. अंगचोर कामाला येतो, हातही लावतो, पण अंगातली सगळी ताकद लावत नाही; चौघांनी मिळून कपाट उचलले की एका कोपऱ्याला ते जड का लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऐदीची कथा निराळी आहे. अकबराच्या फौजेत अहदी नावाचे शिपाई असत. ते कोणत्याही मनसबदाराच्या हाताखाली नसून थेट बादशहाच्या चाकरीत असत, आणि बोलावणे येईपर्यंत त्यांना फारसे काम नसे. त्या अहदीचा मराठीत ऐदी झाला आणि अर्थ झाला बसून खाणारा, हलवल्याशिवाय न हलणारा. सातवीतल्या एका मुलीने यावर विचारले, “काकू, मग ऐदी माणसाकडे पैसे असावे लागतात का?” प्रश्न अगदी नेमका आहे. ऐदीपणाला कुणाच्या तरी जिवावर बसून खाण्याची सोय लागते. पोटासाठी रोज राबावे लागणाऱ्याला ऐदी होणे परवडत नाही.

चोवीसपैकी सात संचांत प्रत्येक पत्त्याच्या तळाशी लहान अक्षरांत एकेक वाक्य छापलेले आहे, आणि हेच सात संच या पेटीतले सर्वांत चांगले आहेत. प्रवाशाचा संच त्यांपैकी एक. वाटसरू झाडाखाली टेकतो, पांथस्थ कवितेत भेटतो, यात्रेकरू देवाला जातो आणि उतारू बसथांब्यावर उभा असतो, हे त्या वाक्यांवरून मुलांना कुणीही न सांगता कळले. पाहुण्याच्या संचातही पाहुणा, अतिथी, अभ्यागत आणि आगंतुक या चार शब्दांना वाक्ये आहेत, त्यामुळे आगंतुक हा न बोलावता आलेला आणि काहीसा नकोसा असतो, हे लक्षात येते. कोल्हापूर-सांगलीकडे अनोळखी माणसाला हाक मारायलाही ‘पाव्हणं’ म्हणतात, ही भर मुलांपैकी एकाने स्वतःहून घातली, कारण त्याचे आजोळ तिकडचे आहे. सात संचांना जे जमले ते उरलेल्या सतरांना का करता आले नाही, हे मला समजलेले नाही; पत्त्यावर जागा भरपूर आहे, ती बऱ्याच ठिकाणी फुलांच्या नक्षीने भरलेली आहे.

काही संच मात्र सरळ चुकीचे आहेत. मंत्री, प्रधान, अमात्य, सचिव असा एक संच आहे. जुन्या गोष्टींतल्या राजाच्या दरबारात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले असतीलही, पण महाराष्ट्रातल्या मुलाला हे चार शब्द एकच म्हणून शिकवणे योग्य नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ही चार निरनिराळी पदे होती. पूर्वीचा पेशवा तो पंतप्रधान झाला, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव आणि वाकनीस तो मंत्री. हिशेब अमात्याकडे, पत्रव्यवहार सचिवाकडे अशी कामांची वाटणी होती. महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी, म्हणजे प्रतिशब्द हा त्या काळी राज्यकारभाराचाच विषय होता. आजही मंत्री हा लोकप्रतिनिधींतून येतो आणि सचिव हा त्याच्या खात्यातला सनदी अधिकारी असतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलाने मंत्र्याला सचिव म्हटले तर गुण जातील, आणि ते जाणे बरोबरही ठरेल.

याहून गंभीर चूक चोराच्या संचात आहे आणि तिच्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण पेटी विकत घेणाऱ्या पालकांनी ती घेतल्या दिवशीच दुरुस्त करावी असे मला वाटते. संचातले चार शब्द असे आहेत: चोर, तस्कर, भामटा, उचल्या. तस्कर हा संस्कृतात चोरच, पण आजच्या मराठीत तो चोरटी आयात-निर्यात करणारा झाला आहे, तेवढे सांगितले की भागते. भामटा आणि उचल्या यांचे तसे नाही. हे शब्द माणसांच्या समूहांची नावे आहेत. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे आजही एका जातीचे नाव आहे, आणि उचल्या म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले. तिला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याच्या कक्षेत आणलेल्या जमातींत जन्माला येणारे मूल जन्मतःच गुन्हेगार धरले जाऊ लागले. त्यांना पोलिसांत हजेरी लावावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण शब्द राहिला, आणि तो आता रंगीत पत्त्यावर छापून दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हाती आला आहे.

माझ्या वर्गात या समाजातले कुणी नाही. असते, तर त्या मुलाने आपल्याच जातीचे नाव चोराच्या संचात घालून ‘भामटा आहे का?’ असे समोरच्याला विचारायचे होते. फसवणूक करणाऱ्यासाठी आपल्याकडे ठक आहे, लबाड आहे, फसव्या आहे, लुच्चा आहे. चोरीच्या प्रकारांसाठी खिसेकापू, दरोडेखोर, लुटारू, वाटमाऱ्या असे कृत्य सांगणारे शब्द आहेत. शब्द माणसाचे काम सांगत असला की तो कुणालाही लागू पडतो आणि कुणाच्या जन्माला चिकटत नाही. आम्ही ते दोन पत्ते काढले, त्यांच्या जागी कोऱ्या पत्त्यांवर ‘खिसेकापू’ आणि ‘वाटमाऱ्या’ लिहिले, आणि ते का काढले हे मुलांना तासभर सांगितले. त्या दिवशी खेळ झाला नाही. पेटीवर टपालाचा जो पत्ता छापला होता, तिथे मी पत्रही पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

स्त्रीच्या संचात स्त्री, महिला, नारी आणि अबला असे शब्द आहेत. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांतही ‘अबला’ हा शब्द या यादीत असतो, आणि त्याचे मूळही अमरकोशातच आहे. तिथे मनुष्यवर्गात स्त्रीच्या नावांत नारी, वनिता, महिला यांच्याबरोबर अबला येते. जिच्यात बळ नाही ती अबला, असा शब्दाचा सरळ अर्थ आहे. आमच्याकडची एक मुलगी ज्युदो शिकते. तिच्याकडे स्त्री, महिला, नारी हे तीनही पत्ते आले, चौथा मागितला असता तर संच पूर्ण झाला असता, पण ती म्हणाली, “काकू, हा पत्ता मी मागणार नाही.” तिने डाव सोडला. मला तिचे म्हणणे पटले. जुन्या कवितेत हा शब्द भेटला तर त्याचा अर्थ मुलांना कळावा, एवढ्यापुरता तो अवश्य शिकवावा. पण स्त्रीला आज कोणता शब्द वापरावा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो देऊ नये. भित्र्या माणसाच्या संचातला ‘भागूबाई’ याच जातीचा आहे: पुरुष घाबरट निघाला की त्याला बाईचे नाव द्यायचे. भ्याड, भेकड आणि पळपुटा असताना त्याची गरज नव्हती.

नवरा, पती, धनी, कारभारी हा संच मात्र रंगला, कारण त्यावर प्रत्येक घरून काही ना काही आले. कोकणातल्या घरून घो आला, घाटावरच्या घरून दादला आणि मालक आले, आणि एका आजींनी सांगून पाठवले की त्यांच्या पिढीत नवऱ्याविषयी परक्यांशी बोलताना ‘यजमान’ म्हणत. यजमान म्हणजे पाहुण्याला बोलावणारा, एवढेच मुलांना ठाऊक होते. धनी या शब्दात नवरा हा मालक आणि कारभारीत तो घराचा कारभार पाहणारा; बाईने नवऱ्याला दिलेल्या या नावांत घरातली सत्ता कुणाकडे होती हे लिहिलेले आहे. सातवीतल्या मुलांना हे समजते. त्यांना तसे विचारले मात्र पाहिजे.

प्रादेशिक शब्दांच्या बाबतीत पेटी अगदीच पुण्या-मुंबईपुरती आहे. शेतकऱ्याच्या संचात शेतकरी, कृषक, कृषीवल आणि बळीराजा आहेत. कृषक आणि कृषीवल हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. ते भाषणांत आणि मासिकांच्या नावांत असतात. विदर्भात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात आणि तो शब्द तिथे रोजच्या बोलण्यातला आहे. आमच्यातल्या एका मुलीचे आजोबा यवतमाळकडचे, ते स्वतःला कास्तकारच म्हणवतात, आणि नेमका तोच शब्द पेटीत नाही. जो दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ, आणि 1948 च्या कूळकायद्यामुळे हा शब्द महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या इतिहासात आहे. कुणबी हा शब्द मूळ शेती करणाऱ्याचा आणि आज जातीचाही, म्हणून तो पत्त्यावर नसला तरी चालेल, पण शिकवणाऱ्याला तो माहीत असावा. बळीराजा या शब्दाला तर समानार्थी म्हणणेच अवघड आहे. बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे ज्याच्या नावाने म्हटले जाते, त्या राजाचे नाव आपण शेतकऱ्याला गौरवाने देतो. ‘त्या बळीराजाने माझे पैसे बुडवले’ असे कुणी म्हणत नाही. गौरवाचा शब्द गौरवाच्याच वाक्यात बसतो, हे एका वाक्यात सांगता आले असते.

व्याकरणाच्या अंगाने एक गोष्ट खटकते. पेटीवर या सगळ्या शब्दांना ‘नामे’ म्हटले आहे. चोर, शेतकरी, पाहुणा, मित्र ही नामे आहेतच. परंतु शहाणा, आळशी, भित्रा, कंजूष ही मुळात विशेषणे असून वाक्यात ती नामासारखी वापरली जातात. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ आणि ‘आळशाला गंगा दूर’ या म्हणींत त्यांना विभक्तीचे प्रत्यय लागलेले आहेत, म्हणून तिथे ती नामाचे काम करतात. हे सांगण्याचा उपयोग असा की मुलांना सामान्यरूप करावे लागते आणि तिथेच ती अडखळतात. कंजूषचे कंजुषाला होताना मधला ऊ ऱ्हस्व होतो, जसे गरीबचे गरिबाला होते. भित्राचे भित्री होते, उधळ्याचे उधळी होते, विद्वानाची विदुषी होते, आळशी मात्र दोन्हीकडे आळशीच राहतो. पत्त्याच्या मागच्या बाजूला एवढे दोन-तीन शब्द छापले असते, तर शिक्षकाचे निम्मे काम झाले असते. मागे सध्या पिंपळपानाची नक्षी आहे.

याउलट, पेटीत प्रत्यय लावून शब्द बनवण्याचे जे एक पान घातले आहे, ते फार चांगले आहे आणि त्याची जाहिरात झाकणावर का केली नाही याचे मला नवल वाटते. खोर हा फारसी प्रत्यय, त्याचा अर्थ खाणारा. म्हणून लाच खाणारा तो लाचखोर, आणि मग भांडखोर, दंगेखोर, चहाडखोर. बाज म्हणजे खेळणारा. म्हणून दगाबाज, कावेबाज, नखरेबाज. मराठीचा आळू: दयाळू, मायाळू, झोपाळू, लाजाळू. या एका पानावरून मुलांनी स्वतः तीसेक शब्द काढले, आणि त्यांत एका मुलाने ‘मोबाईलखोर’ हा शब्द नव्याने घडवला, तो आता आमच्याकडे रूढ आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली: खोर आणि बाज लागले की माणूस बहुधा वाईट निघतो आणि आळू लागला की बहुधा चांगला. शब्दाच्या शेपटीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, हे कळल्यावर अनोळखी शब्दाचीही त्यांना भीती वाटेनाशी झाली.

ढ या एकाक्षरी शब्दाविषयी मुलांना फार कुतूहल होते, कारण मूर्खाच्या संचात तो एकटाच असा आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरे बदलली, ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ, असे सांगतात. मूर्ख, मठ्ठ, ढ, बावळट या चारांत बावळट हा वागण्यातला आहे आणि मठ्ठ हा आकलनातला, हे वाक्यांशिवाय कळत नाही. याच संचाशेजारी पढतमूर्ख हवा होता. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि दहाव्यात पढतमूर्खाची वेगळी सांगितली, म्हणजे दोघांना एका संचात बसवायला ते तयार नव्हते.

शब्दांतला फरक पाहण्यासाठी आम्ही आता पेटीबरोबर शब्दकोश उघडतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांनी 1932 पासून सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मुलांना फोनवर शब्द शोधण्याची हौस असतेच; ती या कामी लावली की शब्दाच्या पोटात शिरण्याची सवय लागते. जुन्या कोशांत काही समाजांविषयी त्या काळातले पूर्वग्रहही छापलेले आहेत, म्हणून मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

पेटी घ्यावी का, असे मला दोन पालकांनी विचारले, त्यांना मी घ्या असेच सांगितले, मात्र चोराचा संच आधी बाजूला काढा, काटकसरीचा पत्ता वेगळा ठेवा आणि मंत्र्याच्या संचात खेळण्यापूर्वी चार पदांचा फरक सांगा, एवढे बजावून. नुसती मुलांच्या हाती देऊन मोकळे व्हायचे असेल तर तिचा फायदा कमी आणि घोटाळाच जास्त होईल. शेजारी बसून प्रत्येक संचावर पाच मिनिटे बोलणारे कुणी असेल, तर 350 रुपये सार्थकी लागतात. परदेशातल्या मराठी घरांना आणि तिथल्या मराठी शाळांनाही ती उपयोगी पडेल, कारण शब्द तोंडाने मागण्याची सक्ती हा तिचा गुण तिथे अधिक मोलाचा आहे.

कोरे पत्ते आठच आहेत, ही माझी शेवटची तक्रार. खिसेकापू आणि वाटमाऱ्या यांच्यात दोन गेले. मग कास्तकार, घो, चिंगूस, कवडीचुंबक आणि मितंपच यांनी पाच घेतले. आठव्या पत्त्यावर काय लिहावे यावर मुलांचे दोन शनिवार एकमत झाले नाही, आणि शेवटी ज्या मुलाने आजोबांना कृपण म्हटले होते, त्याने तो पत्ता मागून घेतला. त्याने त्यावर ‘काटकसरी’ हा शब्द पुन्हा लिहिला, खाली स्वतःच्या अक्षरात वाक्य लिहिले, ‘माझे आजोबा काटकसरी आहेत, म्हणून दोन्ही आत्या शिकल्या’, आणि तो पत्ता कोणत्या संचात ठेवायचा असे विचारले. अजून तो डब्यात सगळ्यांत वर, सुटा ठेवलेला आहे.